एका वाटी भातासाठी डिंभ्याच्या डोंगरात

निमगाव सावा ते निरगुडसर

मला पंचेचाळीस वर्षांपासून साखरेचा आजार आहे. उतारवयात गावोगाव होतो तो नव्हे, पहिल्या प्रकारचा. यात शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवणं बंद करतं आणि गोळ्यांनी काही होत नाही. धाकटा मुलगा पाळण्यात होता तेव्हा मला हे झालं. त्या वेळच्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, दहा वर्षं काढली तर पुष्कळ. ते डॉक्टर गेले, नवराही गेला. मी अजून कांदा निवडते.

जेवढं खायचं तेवढी सुई घ्यायची, एवढंच यातलं शास्त्र. खाणं जास्त झालं की साखर चढते, सुई जास्त झाली की माणूस कोसळतं. भात, भाकरी, पुरणपोळी मी सगळं खाते, पण मोजून.

मंगळवारी हौसाबाईचा फोन आला. ही बाई डिंभे धरणाच्या मागच्या डोंगरातली. तिकडचा भात लावून झाला की ती दरवर्षी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन आमच्या रानात कांदालागणीला येते. यंदा तिची सतरा वर्षांची मंगल माझ्या वाफ्यातच ओकत खाली बसली. तिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. तो वास मी ओळखते. तिला दवाखान्यात नेली आणि निघालं तेच, माझ्यासारखं. पुढे महिनाभर ती माझ्याकडे राहिली. साखर ताळ्यावर आली, पोरगी खाऊन-पिऊन हसायला लागली. मग भात कापणीला सगळे घरी गेले.

आता हौसाबाई फोनवर म्हणत होती, "आक्का, पोरीची साखर साडेतीनशेच्या खाली येतच न्हाई. दवाखान्यात सुई वाढवून दिली तरी येत न्हाई. भात बंद केला, भाकर बंद केली. निस्ती हाडं राहिली. ह्ये म्हणत्यात, सोमवारी सुई बंद करायची आन घाटाखाली वैदाकडं न्यायची. पाल्याचा रस देतो म्हणं."

या आजारात सुई बंद केली तर माणूस थोड्या दिवसांत मरतं. मी कुणाला घाबरवायला हे लिहीत नाही. हे असंच असतं.

मोठा मुलगा म्हणाला, "आई, फोनवर सांग की समजावून."

मी म्हटलं, "फोनवर ताट दिसत न्हाई."

शेजारणीने ओझरच्या गणपतीला नवस बोलायला सांगितला. मी गणपतीला हात जोडले आणि गुरुवारी पिशव्या भरल्या. इन्सुलिनच्या बाटल्यांचे मी नेहमी दोन संच घेते, एक एका पिशवीत, दुसरा दुसऱ्या पिशवीत, दोन्ही ओल्या फडक्यात गुंडाळून. एक पिशवी हरवली तरी मी हरवत नाही. शिवाय साखर तपासायचं मशीन, त्याच्या पट्ट्या आणि गुळाचे खडे.

पहिला मुक्काम निरगुडसरला धाकट्या बहिणीकडे, ठकूकडे. तिचा जावई येणार होता म्हणून पुरणाचा घाट होता. दुपारी ठकू चुलीपासून ओरडली, "पारू, ताटं घेतली गं, टोचून घे!" मी टोचून घेतलं. तेवढ्यात जावयाचा फोन आला, मंचरलाच आहे, निघतोय. आमच्याकडे जावयाच्या आधी कुणी घास घेत नाही. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. माझ्या कपाळाला घाम आला, बोटं थरथरायला लागली. मी उठले, टोपल्यातली पोळी घेतली, तिच्यावर दूध ओतलं आणि खायला बसले.

"अगं पारू! जावई यायचाय अजून!"

"येऊ दी की. त्याच्या वाटणीची न्हाई खाल्ली."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील म्हातारी हावरी हाय. म्हातारी गेली म्हणण्यापरीस बरं."

जावई आला तो भला माणूस निघाला. तो म्हणाला, मावशींनी सुरुवात केली ते बरं झालं, मलाही भूक लागलीय. मग ठकूने आग्रहाचं सत्र सुरू केलं. "आणखी एक घे, माझी शपथ हाय." मी म्हटलं, "तुझ्या शपथेला किती युनिट टोचू ते सांग आधी." ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आमच्या खालच्या भागात पाहुण्याला खाऊ घालणं हा प्रेमाचा प्रकार आहे आणि जुलूमही आहे.

घोडेगावच्या पुढे

शुक्रवारी भाच्याने गाडीवरून मंचरला सोडलं. तिथून एसटीने घोडेगाव आणि पुढे जीप. जीपमध्ये माझ्या शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती. कोंबडी सरकत सरकत माझ्या पिशवीवर येऊन बसली.

मी म्हटलं, "बाई, हिला उचला. माझं औषध हाय त्यात."

"राहू द्या की आक्का, ऊब मिळंल औषधाला."

"त्याला ऊब चालत न्हाई."

बाईने कोंबडी उचलली, पण माझ्याकडे बघून मान हलवली. औषधाला ऊब चालत नाही म्हणजे या म्हातारीचं डोकं चालत नाही, असं तिला वाटलं असणार.

डिंभ्याच्या पुढे रस्ता पाण्याच्या काठाने वर चढतो. धरणाचं पाणी डोंगराच्या खाचाखाचांत शिरलं आहे. एका खाचेला वळसा घातला की पुढे दुसरी येते. पलीकडची वस्ती हाकेवर दिसते आणि तिथे पोचायला जीपला अर्धा तास लागतो. आमची जमीन तव्यासारखी सपाट, ऊस आणि कांद्याची. इथे जमीन पायऱ्यापायऱ्यांची, एकेक पायरी घराच्या ओट्याएवढी. भात कापून झाला होता. खळ्यांवर माणसं भाताचे भारे दगडावर झोडत होती आणि सगळ्या हवेला नव्या भाताचा वास होता. मी सत्तरी ओलांडली, जन्म शेजारच्या तालुक्यात काढला आणि हे कधी पाहिलं नव्हतं. लोक मुलांना विमानाने फिरवतात. त्यांनी आधी इथे यावं.

वाडीत उतरले. हौसाबाईने पायांवर पाणी घातलं, बिनसाखरेचा कोरा चहा दिला. तिचा नवरा धोंडिबा बारीक चणीचा, तोंडातून शब्द काढला तर कमी होईल असं वागणारा माणूस. मंगल दारात उभी होती. दोन महिन्यांपूर्वी ही मुलगी दिवसाला चार वाफे लावून वर गाणी म्हणायची. आता हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

दिवस मावळायच्या सुमाराला जेवायला बसलो. डोंगरात आग्रह नाही. एकदा वाढतात, लागलं तर माणूस मागतं. मला हे फार आवडलं. आमच्या तिघांच्या ताटांत नवा भात आणि त्यावर हुलग्याचं कालवण. मंगलच्या ताटात शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि काकडी, बाकी काही नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"अशी का बसलीस गं?"

"भात दिसला की जीव जातो, आक्का. म्हणून भिताडाकडं बघते."

घरात नव्या भाताची कणगी भरलेली. त्यातले निम्मे भारे तिनेच झोडलेले.

मी धोंडिबाला म्हटलं, "मी पंचेचाळीस वर्सं भात खाती. उद्या मी आन मंगल एका पंगतीला बसतो. एकाच वाटीनं मोजायचं. दोघींनी आपापली सुई घ्यायची आन दोन तासांनी साखर बघायची."

"आन न्हाई उतरली तर?"

"तर सोमवारी तुमाला न्यायची तिथं न्या. मी आडवी यायची न्हाई."

हे बोलायला नको होतं. दुसऱ्याच्या मुलीचा जीव मी माझ्या तोऱ्यावर लावला. पण बोलून गेले.

वाडी, शनिवार

सकाळी धोंडिबा कुठूनसा आला आणि मंगलच्या हातात दोन बाटल्या ठेवल्या. तिच्याही माझ्यासारख्याच, एक पाण्यासारखी, एक दुधाळ. तिने दोन्हींतून सुई भरून घेतली. मी सुईवरचे आकडे बघितले, दवाखान्याने वाढवून दिलेल्या डोसाइतकेच होते. बाटल्या बघितल्या नाहीत.

तोवर खळ्यावर शेजारच्या बायका जमल्या होत्या. मशीनमध्ये माझी साखर आली एकशे अठ्ठावीस, मंगलची तीनशे शहाऐंशी. सुई घेतली, अर्धा तास थांबलो, मग एकेक वाटी भात आणि अर्धी अर्धी नाचणीची भाकरी. मंगलने भाताचा पहिला घास तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

दोन तासांनी माझी आली एकशे एकाहत्तर. मंगलची आली चारशे अडुसष्ट.

"अगं बया," एक बाई म्हणाली. बाकीच्या हळूहळू उठून गेल्या.

धोंडिबा रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "पावनी, तुमची साखर येगळी, तिची येगळी. तुमी शबूद दिलाय." आणि तो बाटल्या घेऊन निघून गेला.

मी खळ्यावर दगडाला टेकून बसले. माझाच मला संताप आला होता. बारकाईने आठवायला सुरुवात केली. वाटी एकच होती. डोस बरोबर होता. वेळ बरोबर होती. एकाच जागी टोचून गाठी झाल्या की इन्सुलिन लागू पडत नाही, म्हणून मंगलला बोलावून तिचं पोट चाचपलं. गाठी नव्हत्या. माझ्या घरी असताना याच मुलीची साखर दीडशेवर होती. भात तोच, मुलगी तीच, सुई तीच. मग बदललं काय?

"मंगल, तुझ्या बाटल्या कुठं असत्यात?"

"नामाकाकांच्या दुकानात, खालच्या वाडीला. हिथं तीन वाड्यांत मिळून फ्रीज तेवढा एकच हाय. बाबा सकाळ-संध्याकाळ जाऊन आणत्यात आन परत ठिवून येत्यात. एक दिस चुकलं न्हाईत."

"उन्हातनं आणत्यात?"

"मुठीत धरून आणत्यात. घरी येस्तवर पातळ व्हती."

मी ताठ झाले. "पातळ व्हती म्हंजी? आधी काय असती?"

"बरफ," मंगल म्हणाली.

मी काठी घेतली आणि पायांत चपला घालायच्याही आधी उतरायला लागले. मंगल मागून चपला घेऊन धावत आली. खालची वाडी कोस-दीड कोसावर असेल. ती वाट मी कशी उतरले ते मला आठवत नाही. एकदा घसरून बसले, लुगड्याला माती लागली, एवढंच आठवतं.

नामाचं दुकान म्हणजे एक खोली, आणि खोलीत आडवी पेटी, आइसक्रीमची. धोंडिबा अजून तिथेच होता. नामाने मोठ्या कौतुकाने झाकण उघडलं. पेप्सीकोल्याच्या कांड्यांच्या तळाशी, बर्फाच्या थरात मंगलच्या बाटल्या रोवलेल्या होत्या.

"सगळ्यात गार जागा दिली बघा आक्का," नामा म्हणाला. "आइसक्रीमचं खोकं हालवलं, पन ह्याला न्हाई हालवलं. पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय."

मी दुधाळ बाटली घेतली, ती अजून पुरती गोठली नव्हती; चष्मा लावला, तळहातांत घोळली. चांगली बाटली घोळली की सगळीकडे सारखी पांढरी होते. हिच्यात फाटलेल्या दुधासारखे कण होते आणि काचेला खरकटं चिकटलं होतं.

"ही नासली," मी म्हटलं. "दुसरी सुदिक नासली, ती दिसाया पाण्यावानीच राहती म्हणून कळत न्हाई. इन्सुलिन गोठलं की संपलं. पुन्हा पातळ झालं तरी त्यात राम राहत न्हाई."

मग धोंडिबा म्हणाला, "म्हंजी मी रोज दोन येळा मुठीत पानी आणत व्हतो?"

"बहुतेक पानीच. पन तुमी चुकला न्हाई. फ्रीजमधी ठेवा म्हणाले, तुमी ठेवलं. कंच्या फ्रीजमधी ते कुणी सांगितलं न्हाई. चूक माझी बी हाय. सकाळी चष्मा लावून बाटली बघायची, ती मी वाटी बघत बसले."

नामा पेटीचं झाकण धरून तसाच उभा होता. मी त्याला म्हटलं, "झाकण लाव रं, आइसक्रीम तरी वाचू दे."

फोनला रेंज दुकानाच्या वरच्या खडकावर लागते. तिथे उभं राहून मी मंगलच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. माझा एक संच फोडलेला नव्हता आणि दोन्ही बाटल्या मंगलच्याच प्रकारच्या होत्या. त्या म्हणाल्या, वापरा. पण मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. नासक्या औषधावर साखर उतरेना म्हणून मंगलचा डोस मध्ये जवळजवळ दुप्पट केला होता. चांगलं इन्सुलिन तेवढं दिलं असतं तर मुलगी कोसळली असती. "पहिला लिहून दिलेला डोस द्या. दर दोन तासांनी बघा. उलटी झाली तर थांबू नका, लगेच खाली आणा. आणि सोमवारी मला दाखवा." भाताचंही विचारलं. एका सपाट वाटीमागे तीन युनिट, असं त्यांनी मंगलपुरतं सांगितलं. हा आकडा तिचा आहे. माझा वेगळा आहे, वाचणाऱ्याचा आणखी वेगळा असेल. कुणी उचलून वापरू नये.

घरी येऊन दुपारी माझ्या बाटलीतून सुई दिली. दोन तासांनी तीनशे दहा. चारला दोनशे चाळीस. दिवस कलला तेव्हा एकशे चाळीस, आणि मंगल थरथरायला लागली. हौसाबाई घाबरली. मी मशीन दाखवलं. साखर कमी झालेली नव्हती. शरीराला इतके दिवस चारशेची सवय लागली की एकशे चाळीससुद्धा उपास वाटतो. थोड्या वेळात थरथर गेली.

त्या आकड्यांच्या मध्ये धोंडिबा नदीतून वाळू घेऊन आला. आमच्या घरी फ्रीज नव्हता तेव्हा मी जसं करत असे तसं मी त्याला सांगितलं. मोठ्या मडक्यात वाळू भरायची, तिच्यात लहान मडकं बसवायचं, वाळू कायम ओली ठेवायची, मडकं सावलीत आणि वाऱ्याला ठेवायचं. बाटल्या पिशवीत बांधून आतल्या मडक्यात ठेवायच्या, पाणी लागू द्यायचं नाही. त्याने तीन वेळा मडकं हलवून जागा बदलली. शेवटी घरातल्या पाण्याच्या हंड्यांच्या कोपऱ्यात ठेवलं आणि आत हात घालून बघितलं.

"गार हाय," तो म्हणाला. "पन बरफ न्हाई."

वाडी, रविवार

सकाळी मंगलची साखर एकशे बेचाळीस. हौसाबाईने मशीन हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं, कुणी आत आकडा लिहून ठेवला आहे की काय असं.

दुपारी पुन्हा पंगत. काल उठून गेलेल्या बायका आज आपापली कामं टाकून आल्या होत्या. मंगलने स्वतः वाटी भरली, वरचा भाग बोटाने सपाट केला आणि तीन युनिट भरून घेतलं. त्या दिवशी घरात वरईचा भातही होता. आमच्याकडे वरई म्हणजे उपासाची भगर, एकादशीला खायची. इथे ते रोजचं अन्न आहे. मी नव्या चवीच्या लोभाने तीही दोन डाव घेतली. सुई मात्र भातापुरतीच घेतली होती.

आज मंगल भिंतीकडे तोंड करून बसली नाही. ती दाराकडे तोंड करून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं जेवली.

दोन तासांनी सगळे मशीनभोवती. मंगलची आली एकशे छप्पन्न. खळ्यावर एकच गलका झाला. मग माझी पट्टी लावली. दोनशे सात.

"आक्का, तुमची जास्त हाय!" मंगल ओरडली. "वरई खाल्ली न्हवं चोरून!"

"चोरून कुठं, सगळ्यांम्होरं खाल्ली."

"मोजून खावा की जरा. एवढं वय झालं."

माझं वाक्य माझ्याच तोंडावर मारून ती हसत सुटली. धोंडिबाही हसला. तीन दिवसांत त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मला त्या दोनशे सातची लाज वाटली नाही. माझ्या आयुष्यात एवढ्या आनंदाने मी कधी हरले नाही.

सोमवार, खाली उतरताना

सकाळची जीप भरलेली होती. धोंडिबा, मंगल आणि मी मागच्या बाकावर बसलो. नव्या बाटल्या आणायला धोंडिबाने ओल्या फडक्यात गुंडाळलेलं छोटं मडकं मांडीवर घेतलं होतं. डोंगराच्या एका वळणावर त्यांच्या भावकीतला एक माणूस चढला. सोमवारचा बेत त्याला आधीपासून ठाऊक होता, कारण वैदाचं नाव त्यानेच सुचवलं होतं.

"काय धोंडिबा," तो म्हणाला, "निघालास न्हवं पोरीला घिऊन वैदाकडं?"

धोंडिबाने मांडीवरचं मडकं सावरलं.

"न्हाई," तो म्हणाला, साऱ्या जीपला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "दवाखान्यात. पोरगी दोन वाट्या भात मागाया लागलीया. त्याला किती सुई लागंल, ते इचारायला चाललोय."